पाटावरचं पहिलं फळ

३० सप्टेंबर २०२३, शनिवार

आलो एकदाचे मुंबईत! सामानाचा टेम्पो नगरहून पहाटे निघाला आणि करी रोडला पोचायला दुपारचे दोन वाजले. विसर्जन होऊन दोनच दिवस झालेत, गल्लीत अजून गुलाल पडलाय. टेम्पोतून उतरताच मनूची नवी पांढरी चप्पल गुलाबी झाली. तिला याचा एवढा आनंद झाला की ती मुद्दाम तीनदा जाऊन गुलालात उभी राहिली. मृणालिनीने कपाळावर हात मारून घेतला.

देऊळ लहान, पण टुमदार आहे. (आम्ही नगरकडचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. इथल्या मंडळीतही तोच शब्द चालतो हे ऐकून बरं वाटलं.) चारी बाजूंना चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर उभे राहिलेत, त्यामुळे ऊन अंगणात दुपारी तासभर येतं आणि जातं. पाळकाचं घर देवळाच्या मागच्या बाजूला, वरच्या मजल्यावर. दोन खोल्या. स्वयंपाकघराची खिडकी थेट देवळात उघडते आणि तिथून खाली वेदी दिसते. म्हणजे आता फोडणी देतानाही तुमचं प्रवचन ऐकायचं का, असं मृणालिनीने विचारलं. मी म्हटलं, तुझं भाग्य!

देवळाच्या चाव्या आणि घंटा माधवमामांच्या ताब्यात आहेत. वय सत्तरीच्या पुढे, जन्म गिरणीत गेला. त्यांनी सलाम करून माझ्या हातातली पेटी हिसकावूनच घेतली. घंटेला चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही, हे त्यांनी जिना चढता चढता दोनदा सांगितलं. कुणी वारलं की मयताचं जितकं वय, तितके टोले द्यायची इथे पद्धत आहे. एकदा त्र्याण्णव टोले द्यावे लागले, तेव्हा खांदा निखळायचाच बाकी होता म्हणे. त्यांची नात अपेक्षा आठ वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेले. आमची मनू सात वर्षांची. दहा मिनिटांत दोघी गायब झाल्या.

ही रोजनिशी नगरच्या मंडळीने निरोपाला दिली. एक तारीख, एक पान. आजच्या पानाच्या कोपऱ्यात मनूने आधीच मांजर काढून ठेवलंय. माझ्या रोजनिशीत लिहायचं नाही हे तिला शंभरदा सांगितलंय. ती मान डोलावते आणि लिहिते.

१ ऑक्टोबर, रविवार

पहिलं प्रवचन. लिहायला हरकत नाही, झकास झालं.

विषय अब्राहामाचा घेतला. देवाने त्याचा मुलगा मागितला, इसहाक. म्हातारा एका शब्दाने भांडला नाही. लाकडं मुलाच्याच पाठीवर दिली आणि डोंगर चढला. सुरा उगारला तेव्हा देवाने हात थांबवला आणि मुलाच्या जागी मेंढा दिला. ही गोष्ट मी वीसदा तरी सांगितली असेल. आज मात्र नवी मंडळी समोर बघून चेव आला. शेवटी मेजावर हात आपटून म्हणालो, की आज देवाने माझी मनू मागितली तर मीसुद्धा उद्या पहाटे निघेन. एवढं खणखणीत आमेन मला नगरला सहा वर्षांत मिळालं नव्हतं.

जेवताना मनूने विचारलं, की इसहाकाला कुणी विचारलं होतं का? मी सांगितलं, मुलं बापाचं ऐकतात. तिने मटणाची नळी चोखत बराच विचार केला आणि म्हणाली, तरी विचारायला पाहिजे होतं.

मृणालिनीने मला दुसऱ्यांदा मटण वाढलं नाही. खरंच निघाल का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, अगं, प्रवचनात असं बोलायचं असतं. ती म्हणाली, मग देवळात उभं राहून खोटं कशाला बोललात? पाळकाशी लग्न केलेल्या बाईला कधी प्रवचन देऊ नये.

९ ऑक्टोबर, सोमवार

२९ तारखेला उपकारस्तुतीचा सण. नगरला या दिवशी लोक शेतातलं पहिलं फळ वेदीपुढे आणतात, ज्वारीची कणसं, कोंबडी, भोपळे. इथे कुणाचं शेत! दादरच्या मंडईतून दुधी आणि पडवळं येतात, कुणी घरचा केक आणतं. पण या देवळाची एक जगावेगळी रीत माधवमामांनी आज सांगितली. पाळकाला शेत नाही, तेव्हा त्याचं पहिलं फळ म्हणजे त्याचं पहिलं मूल. ते मूल वेदीपुढे भाज्यांच्या मधोमध पाटावर बसवायचं. मग मंडळीतलं कुणी तरी उठतं, ‘हे लेकरू आमचं’ म्हणतं आणि मुलाच्या जागी कोंबडी ठेवून त्याला उचलून आणतं. सगळे टाळ्या वाजवतात. मेंढ्याऐवजी कोंबडी, एवढाच फरक. बापाने मात्र उचलायचं नाही. दिलेलं परत घेतात का, साहेब, असं मामा हसून म्हणाले.

मला रीत फार गोड वाटली. मनू तर आत्तापासून कुठला फ्रॉक घालायचा ते ठरवतेय. पाट माळ्यावरून काढून दाखवला, सागवानी, मधे कोरलेला क्रूस. दिवसभर अंधारात पडलेला पाट हाताला कोमट लागला. वर पत्रा तापत असेल.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

गल्लीत डेंग्यूची साथ आहे. आज दोन घरी जाऊन मुलांसाठी प्रार्थना केली. परत येऊन जुन्या दफनाच्या नोंदी चाळत बसलो, आणि आता वाटतं, बसलो नसतो तर बरं झालं असतं.

१८९७, प्लेगचं वर्ष. पहिल्या पाळकाचा मुलगा, वय पाच. १९८२, गिरण्यांच्या संपाचं वर्ष. पाळकाची मुलगी, वय दहा. २०१९. माझ्या आधीचे पाळक चिंतामणी कांबळे, त्यांचा मुलगा राकेश, वय अकरा. तिघांच्याही नावापुढे ‘प्रभूमध्ये झोपी गेला’, ‘गेली’ असं लिहिलंय, आजार लिहिलेला नाही. तिघंही सणानंतर नवव्या दिवशी गेली. आणि तिन्ही वेळा पुढचं वर्षभर वहीत एकही नाव नाही. प्लेगमध्ये सगळं परळ ओस पडत होतं तेव्हा नाही. करोनात या गल्लीतून रोज रुग्णवाहिका जायची तेव्हाही नाही.

मामांना विचारलं. ते आधी काहीबाही बोलले, मग म्हणाले, की त्या तीन साली कुणी उठलं नव्हतं. का नाही उठलं ते त्यांनी सांगितलं नाही. २०१९ नंतर पाट काढलाच नव्हता, कारण मधे पाळकच नव्हता. मी म्हटलं, यंदाही काढायचा नाही. त्यावर मामांनी माझे हात धरले. रीत मोडली तर मंडळी बिथरेल, मी स्वतः उठतो, भोईवाड्याला कोंबडी सांगून ठेवलीय, पोरीच्या केसाला धक्का लागणार नाही, असं म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

हा सगळा योगायोग आहे. मी शिकलेला माणूस आहे. गावच्या लोकांना नवसाच्या नादी लागू नका म्हणून सांगत फिरणारा मी, आणि इथे वहीतले आकडे बघून घाम फुटतोय. मृणालिनीला सांगितलेलं नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

देऊळ गच्च भरलं होतं. मनू पिवळ्या फ्रॉकमध्ये पाटावर बसली, मांडीवर भोपळा घेऊन. मी रीतीप्रमाणे विचारलं, की हे पहिलं फळ कोण सोडवतं? आणि मामांकडे बघितलं. ते तिसऱ्या बाकावर होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत कोंबडी. ते खाली बघत होते.

कुणी उठलं नाही. मी पुन्हा विचारलं. पंखे फिरत होते आणि पिशवीतली कोंबडी मधूनच कुरकुरत होती, बाकी आवाज नाही. मनूने आधी हसून इकडेतिकडे बघितलं. मग तिचं हसू गेलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मामांच्या शेजारी अपेक्षा नाही. तिला कालपासून ताप आहे, हे मला नंतर कळलं. अख्ख्या देवळात ज्यांची लेकरं घरी तापाने फणफणली होती ते सगळे खाली बघत होते, आणि उरलेले त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी आपसांत काही ठरवलं होतं असं नाही. पण एकालाही उठायचं नव्हतं.

मी वेदीवरून उतरलो आणि मनूला उचललं. ‘नाही,’ म्हणालो. मंडळीला नाही, वर बघून म्हणालो. माझ्याच आवाजाने मी दचकलो. पाटावरून उठताना मनू म्हणाली, की पप्पा, पाट किती तापलाय.

मृणालिनीला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. मनूला कुशीत घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली आहे.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

मनू ठणठणीत आहे. दहादा कपाळाला हात लावून बघतो, ती वैतागते.

पाट परवा मीच माळ्यावर टाकून कुलूप लावलं. चावी माझ्या खिशात. आज सकाळी पाट वेदीपुढे होता. मामा शपथेवर सांगतात, की हात लावला नाही. पुन्हा वर टाकला. दुपारी पुन्हा खाली. आता तिथेच आहे. मी त्या बाजूला जात नाही.

अपेक्षाला हॉस्पिटलात नेलं.

१ नोव्हेंबर, बुधवार

माटुंग्याला जाऊन कांबळे पाळकांना भेटलो. बहिणीकडे राहतात. मी नाव सांगताच त्यांनी पहिलं काय विचारलं? माझ्या मुलीचं वय.

त्यांनी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. ते वेदीपाशी मुकाट उभे राहिले, कारण देव शेवटच्या क्षणी थांबवेल याची त्यांना खात्री होती. अब्राहामाला थांबवलंच होतं ना. नवव्या दिवशी राकेश इथे, माटुंग्याच्या याच घरात होता. मुद्दाम लांब आणून ठेवला होता. दुपारी पुस्तक वाचता वाचता गेला. म्हणजे पळून उपयोग नाही. मग त्यांनी मला एक विचारलं, की अब्राहाम डोंगरावरून उतरला तेव्हा पोरगा बरोबर होता असं कुठे लिहिलंय? आणि त्यानंतर देव अब्राहामाशी एकदा तरी बोलला का? मी टॅक्सीत बसून शोधलं. उतरताना मुलाचं नाव नाही. आणि देव पुन्हा बोललेला नाही.

भूत असतं तर बरं झालं असतं. सैतान असता तर कुणाचा धावा करायचा ते मला ठाऊक होतं. पण ज्याचा धावा करायचा तोच जर पाटापुढे हात पसरून बसला असेल, तर मी जाऊ कुणाकडे? माणसाने असं केलं असतं तर त्याला काय म्हणायचं तो शब्द मला येतो. त्याच्या नावापुढे लिहायला हात चालत नाही.

संध्याकाळी रिकाम्या देवळात उभा राहिलो आणि भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, मला ने. म्हटलं, बापांकडे मागतोस, मंडळीला बघायला बसवतोस, पण ज्याचा जीव घेतोस त्याला कधी विचारलंस? माझ्या सात वर्षांच्या पोरीला कळतं ते तुला कळत नाही? आधी विचारायला शीक! घसा बसेपर्यंत हेच ओरडत होतो.

भांडून हलकं वाटलं. पाट थंड होता.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

अपेक्षाच्या प्लेटलेट एकोणीस हजारांवर. मंडळीतली आणखी पाच मुलं भरती.

कुणी भांडायला येत नाही. उलट दारात डबे ठेवून जातात. पुलाव, बोंबील, खीर. एक बाई डबा ठेवताना फक्त एवढंच म्हणाली, की साहेब, तुम्ही तर म्हणाला होतात. आणि जिना उतरून गेली. तिचा धाकटा आयसीयूत आहे.

डबे तसेच पडून आहेत. मृणालिनी ते मनूला खाऊ देत नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

सगळे आले. बसले. गायन सुरू केलं, मी एकटाच गात होतो. मध्येच थांबलो. प्रवचन नाही. काय सांगू? तो प्रेम आहे?

मामा घंटा वाजवून तसेच हॉस्पिटलात गेले. माझ्याकडे बघितलं नाही. मला त्यांचा राग यायला हवा. येत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर उठलो असतो का — 

मृणालिनी म्हणते, काही असो, इथून निघायचं. टेम्पो मंगळवारचा मिळाला.

६ नोव्हेंबर, सोमवार

उद्या नववा दिवस.

मनूने विचारलं, प्लेटलेट म्हणजे काय? अपेक्षा मरणार का? खोटं बोललो. तिला कळलं.

दुपारी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ओट्यावर चढून बसली होती. खाली कुणाशी तरी हळू बोलत होती. खाली कुणी नाही. पाट फक्त. विचारलं तर म्हणाली, की कुणी तरी तिला तिचं पूर्ण नाव विचारलं, ते तिने सांगितलं. कुणी — ? खांदे उडवले. आवाज चांगला आहे म्हणाली. पप्पासारखा ओरडत नाही.

खिडकीला खिळे ठोकले.

दोघं तिच्या दोन बाजूंना बसलो आहोत. हात सोडायचा नाही. पाळीपाळीने — नाही, दोघांनीही जागायचं —

७ नोव्हेंबर, मंगळवार

पप्पा रागाऊ नको. त्याने मला विचारलं. मी हो म्हणाले. माझी गुलाबी चप्पल अपेक्षाला दे.
मनस्विनी यशोधन साळवे

वरचं अक्षर माझं नाही.

उजाडलंय. डोळा कधी लागला? दोघांचाही — माझ्या हातात तिचा हात होता. आता उशीचा कोपरा आहे.

मृणालिनी खाली धावलीय. तिची हाक ऐकू येत नाही. एकदाही नाही. का नाही —

मी जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. खाली गेलो की दिसेल. लिहितोय तोवर दिसणार नाही. मीच म्हणालो त्याला. मीच. विचार म्हणालो. विचारलं त्याने. सात वर्षांच्या पोरीला विचारलं, आणि तिने — ती कशालाच नाही म्हणत नाही, भाकरीचा शेवटचा तुकडासुद्धा —

दार वाजलं. माधवमामा. हॉस्पिटलातून धावत आलेत, हसतायत, रडतायत. अपेक्षाचा ताप पहाटे उतरला. आकडे चढले. चहात बुडवून खारी मागितली तिने. सगळी पोरं सुधारतायत, साहेब, म्हणतात, कुणी तरी उठलं बघा शेवटी. कोण ते त्यांना माहीत नाही. माझं तोंड बघून थांबलेत.

घंटा.

मामा तर इथे आहेत. चाव्या त्यांच्या हातात —

दोन. तीन.

मामा मोजायला लागलेत. ओठ हलतायत.

पाच.

सहा.

सात.

सातावर थांबू नको. आणखी एक. मनू अजून आठ वर्षांची नाही, आठवा पडला तर तो तिचा नाही, दुसऱ्या कुणाचा तरी — अपेक्षा आठ वर्षांची आहे, मामा माझ्यासमोर उभे आहेत, आणि मी मागतोय, देवा, आठवा दे, आठवा —